सँडविच मागवताना उष्मांकांचा विचार

बडोद्यात सायंकाळी घराबाहेर पडून काही खाऊन येणे ही काही नवी चाल नव्हे. सेव-उसळीच्या दुकानापुढे उभे राहून ज्यांनी आपले तरुणपण काढले, अशी वडीलधारी मंडळी आपल्यात पुष्कळ आहेत. परंतु आज घरातील मुलांना अथवा नातवंडांना विचारावे, तर त्यांची पसंती बहुधा सँडविचला असते. कोपऱ्यावरच्या गाडीवर लोणी लावून भाजून दिलेले सँडविच असो, किंवा काचेच्या पेटीमागून 'पाव कोणता, भाजी कोणती, सॉस कोणता' असे विचारून करून देणाऱ्या मोठ्या दुकानातील असो, ते आता आपल्या खाण्याचा नित्य भाग झाले आहे. तेव्हा ते खाऊ नका, असा उपदेश करण्यासाठी आम्ही हा लेख लिहीत नाही. ते मागवावे कसे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

या विषयाकडे आमचे लक्ष वळले ते एका घरगुती प्रसंगामुळे. आमच्या स्नेह्यांपैकी एका सेवानिवृत्त गृहस्थांस रक्तातील साखर वाढल्यामुळे डॉक्टरांनी वजन उतरवण्यास सांगितले. ते शिस्तीचे असल्यामुळे त्यांनी बाहेरचे खाणे त्याच दिवशी सोडले. दर रविवारी ते नातवंडांबरोबर जात, पण नुसता चहा घेऊन बसत. पुढे ते जाणेच त्यांनी बंद केले. साखर किती उतरली हे त्यांचे त्यांना ठाऊक, पण रविवारची ती बैठक मोडली आणि घरात सर्वांनाच चुकल्याचुकल्यासारखे झाले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीनुसार देशात मधुमेह असलेल्यांची संख्या सुमारे १० कोटी १० लाख आहे. म्हणजे असा प्रसंग आज कितीतरी घरांत येत असणार.

उष्मांक म्हणजे काय?

एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवण्यास जी उष्णता लागते, ती एक किलोकॅलरी होय. आहाराच्या चर्चेत आपण यालाच उष्मांक म्हणतो. पिष्टमय पदार्थ आणि प्रथिने यांच्या प्रत्येक ग्रॅमापासून सुमारे ४ उष्मांक मिळतात, तर स्निग्ध पदार्थांच्या एका ग्रॅमापासून सुमारे ९. हे गणित अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ विल्बर ॲटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रयोगांती बसवून दिले आणि ते आजही वापरात आहे. लोणी, चीज, तेल यांचा थोडासा हात सैल सुटला तरी उष्मांक का फुगतात, याचे कारण या ४ आणि ९ मध्ये आहे.

सर्वसाधारण हालचाल करणाऱ्या प्रौढ माणसास दिवसाला सुमारे २००० उष्मांक लागतात, असे प्रमाण आपल्या देशात खाद्यपदार्थांच्या माहितीपत्रकांसाठी धरलेले आहे. वय, उंची, काम यांनुसार ते कमीअधिक होते. बसून काम करणाऱ्या वृद्धास याहून कमी पुरतात.

एका सँडविचचा हिशेब

गाडीवर मिळणारे दोन कापांचे भाजलेले चीज-सँडविच घेऊ. वजने ठोकळ धरली आहेत. दुकानागणिक थोडा फरक पडेल.

पावाचे दोन काप (६० ग्रॅम): १६०
आतून लावलेले लोणी, लहान तीन चमचे: ११०
उकडलेला बटाटा (५० ग्रॅम): ४५
काकडी, टोमॅटो, कांदा, बीट मिळून (६० ग्रॅम): १५
हिरवी चटणी: १०
किसलेले चीज (४० ग्रॅम): १२५
भाजताना बाहेरून लावलेले लोणी, लहान दोन चमचे: ७०
वरून शेव (१५ ग्रॅम): ८०
एकूण: ६१५

याच्याबरोबर ३०० मिलिलिटर गोड शीतपेय घेतले तर सुमारे १३० आणि बटाट्याच्या वेफर्सची ३० ग्रॅमची पुडी घेतली तर सुमारे १६० उष्मांक वाढतात. बेरीज ९०५ होते. म्हणजे दिवसाच्या गरजेचा जवळजवळ निम्मा भाग, आणि तोही दोन जेवणांच्या मधल्या वेळी!

आता हेच सँडविच निराळ्या रीतीने मागवू. पावाचे काप तेच, १६०. लोणी आतून एकच लहान चमचा, ३५. बटाटा तेवढाच, ४५. काकडी-टोमॅटो दुप्पट, ३०. चटणी १०. चीज, शेव आणि बाहेरचे लोणी नाही. बेरीज २८० होते. सोबत बिनसाखरेचे पातळ ताक घेतले तर फार तर ४० उष्मांक वाढून ३२० होतील.

वाचकांनी येथे क्षणभर थांबून दोन्ही हिशेब शेजारी ठेवून पाहावेत. नुसत्या सँडविचमध्ये ३३५ उष्मांकांचा फरक पडला. पाव आपण कमी केला नाही, बटाटाही काढला नाही. पुष्कळ मंडळी प्रथम बटाट्यावरच रागावतात. पण त्याचे उष्मांक अवघे ४५, आणि त्याच्यावर पसरलेल्या लोण्याचे ११०. हे ३३५ उष्मांक चालून खर्च करावयाचे म्हटले, तर ६५ किलो वजनाच्या माणसास झपझप चालूनही सव्वा ते दीड तास लागेल. तेवढे चालण्यापेक्षा 'वरून लोणी नको' हे तीन शब्द बोलणे सोपे.

मोठ्या दुकानात मागवताना

एकाच नावाची अनेक दुकाने चालवणाऱ्या व्यवसायांना आपल्या देशात आता पदार्थाच्या नावासमोर त्याचे उष्मांक लिहावे लागतात. दहा किंवा त्याहून अधिक ठिकाणी दुकाने असलेल्यांना हा नियम लागू असून त्याची अंमलबजावणी २०२२ सालापासून सुरू झाली. हे आकडे फलकावर किमतीजवळ बारीक अक्षरांत असतात. किंमत वाचतो तसेच तेही वाचण्याची सवय करावी. मात्र त्या आकड्यात काय धरले आहे हे विचारून घ्यावे. पुष्कळदा तो मूळ सँडविचचा असतो; आपण वाढवून घेतलेले चीज व सॉस त्यात धरलेले नसतात.

अशा ठिकाणी पुढील क्रमाने विचार करावा.

पहिला विचार आकाराचा. लांब पाव आणि त्याच्या निम्मा पाव असे दोन आकार असतील तर निम्मा घ्यावा. मोठा आकार पैशांच्या हिशेबाने स्वस्त पडतो हे खरे. परंतु न लागणारे अन्न स्वस्तात मिळाले म्हणून ते पोटात घालण्यात काटकसर नाही. दोघांनी मिळून एक मोठा घ्यावा, म्हणजे पैसेही वाचतात.

दुसरा विचार आतल्या मुख्य पदार्थाचा. तळलेली टिक्की आणि भाजलेला किंवा वाफवलेला पदार्थ यांत तळलेला सोडावा. तळण्यात पदार्थ तेल पितो. मांसाहारी मंडळींनी पीठ लावून तळलेल्या कोंबडीऐवजी भाजलेली घ्यावी. पनीर घेतल्यास त्याचे ३० ग्रॅमांमागे ८५ च्या आसपास उष्मांक धरावेत. त्यात प्रथिने असल्याने पोट अधिक वेळ भरलेले राहते. पण पनीर आणि चीज दोन्ही एकदम घेऊ नयेत.

तिसरा विचार सॉसचा. येथेच बहुतेकांची फसगत होते. मेयोनेज हे मुख्यत्वे तेलच असते. पूर्ण स्निग्धांशाच्या मेयोनेजच्या एका मोठ्या चमच्यात ९० ते १०० उष्मांक असतात. मलईदार दिसणारे बहुतेक सॉस याच जातीचे असतात. मोहरीचा सॉस, पुदिन्याची चटणी, लिंबू, मिरपूड यांनी चव येते आणि उष्मांक नाममात्र वाढतात. मलईदार सॉस हवाच असेल तर तो एकच, आणि कमी घालण्यास सांगावे.

चौथा विचार पावाचा. तपकिरी पाव घेतला म्हणजे उष्मांक कमी झाले, हा गोड गैरसमज आहे. पांढऱ्या आणि खऱ्या गव्हाच्या पावात उष्मांक जवळजवळ सारखेच असतात. गव्हाच्या पावात चोथा अधिक असतो, म्हणून तो चांगला. परंतु नुसता रंग पाहून भुलू नये. काही पावांना तो रंग जळलेल्या साखरेच्या रंगद्रव्यानेही दिलेला असतो.

शेवटचा विचार सोबतीच्या वस्तूंचा. 'थोडे पैसे भरा आणि वेफर्स व पेय घ्या' असे सांगण्यात येते, तेव्हा नम्रपणे नाही म्हणावे. हलके सँडविच घेतले या समाधानात मनुष्य सोबत गोड पेय घेतो आणि वाचवलेले सारे तेथेच गमावतो. पाणी किंवा ताक हेच उत्तम.

काही सावधगिरीच्या गोष्टी

उष्मांक हा आहाराचा एक भाग झाला, सर्वस्व नव्हे. पाव, चीज व सॉस यांत मीठही बरेच असते. दिवसाला ५ ग्रॅमांहून कमी मीठ खावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. रक्तदाबाच्या रुग्णांनी तो विशेष ध्यानात ठेवावा. वाढत्या वयाची मुले, गर्भवती स्त्रिया आणि मुळातच कृश झालेले वृद्ध यांनी हा हिशेब स्वतःला लावून अन्न तोडू नये. मधुमेहावर औषध किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उष्मांक वाचवण्यासाठी जेवण चुकवणे धोक्याचे आहे. त्यांच्या बाबतीत पावासारख्या पिष्टमय पदार्थांचे प्रमाणही पाहावे लागते. म्हणून त्यांनी आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच चालावे.

आता आमच्या त्या स्नेह्यांविषयी. त्यांच्या शाळकरी नातीने एके दिवशी दुकानातील फलकावरचे आकडे वहीत उतरवून आणले आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या आहारात बसेल असे एक सँडविच जुळवून दाखवले. भाज्या दुप्पट, मोहरीचा सॉस, चीज नाही. "आबा, हे तुम्हांला चालतं. मी बेरीज करून पाहिली आहे," असे ती म्हणाली. आबांनी ती बेरीज पुन्हा तपासली, वही डॉक्टरांना दाखवली, आणि पुढच्या रविवारी ते सर्वांबरोबर गेले.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी असा कोणी नुसत्या चहावर बसत असेल, त्यांनी हा पाठ घरातल्या मुलांकडून करवून घ्यावा. नेहमीच्या आवडत्या सँडविचमधील जिन्नस कागदावर लिहावेत, प्रत्येकापुढे त्याचे उष्मांक मांडावेत, आणि चव न बिघडवता कोणते दोन जिन्नस काढता येतील ते सर्वांनी मिळून ठरवावे. मुलांचे गणितही होईल आणि वडीलधाऱ्यांचे पानही मांडले जाईल.