रेडिओचा शक्तिवर्धक

आपल्या प्रक्षेपकाचा आवाज दूरवर पोंचावा अशी इच्छा प्रत्येक हौशी विद्यार्थ्यास होते. त्यासाठीं शक्तिवर्धक लागतो. हें यंत्र नवी शक्ति उत्पन्न करीत नाहीं. विद्युत्पुरवठ्यांतील शक्ति घेऊन तिला तें क्षीण लहरीचें रूप देतें.

समजा, ५ वॅटची लहर आंत दिली व ५० वॅटची बाहेर आली. ही वाढ दहापट, म्हणजे १० डेसिबल होय. पुरवठा १३.८ व्होल्टचा व प्रवाह ८ अँपिअर असेल, तर सुमारें ११० वॅट खर्च होतात. उरलेल्या सुमारें ६० वॅटची उष्णता होते. म्हणूनच यंत्रास अॅल्युमिनियमच्या पाकळ्यांची बैठक असते.

जोडणीचा क्रम पुढीलप्रमाणें ठेवावा. प्रथम ५० ओहमची अँटेना किंवा तितकाच कृत्रिम भार बाहेरच्या टोंकास जोडावा; मग प्रक्षेपकाची तार; आणि धन-ऋण टोंकें पडताळून शेवटीं पुरवठा. भार नसल्यास लहर परत फिरते व ट्रान्झिस्टरवर आघात करते.

हा क्रम आम्हांस ठाऊक होता. तरी एकदां वर्गासमोर घाईनें आम्हींच अँटेनावांचून कळ दाबली. मुलांनीं वर्गणीनें आणलेला ट्रान्झिस्टर क्षणांत जळाला. आम्हीं चूक कबूल केली व नवा स्वतः आणून दिला. तेव्हांपासून क्रम फळ्यावर लिहिल्यावांचून आम्हीं पुरवठ्यास हात लावीत नाहीं.

प्रक्षेपण चालूं असतां अँटेनास स्पर्श करूं नये, भाजतें. आणि सरकारी परवान्यावांचून प्रक्षेपण करूं नये. तोंपर्यंत कृत्रिम भारावरच अभ्यास करावा.