रंग मारायच्या आधी टॉर्च मारा : फायबरची बोट आतून भाजली आहे का?

मंडळी, १ जून ते ३१ जुलै बंदी. बोट वर ओढलेली, इंजिन उघडलेलं. याच दिवसांत धुराचा पाईप जिथून फायबरच्या भिंतीतून बाहेर निघतो ती जागा एकदा नीट तपासून घ्या.

पाईपवर गुंडाळलेली पट्टी सुटली की तापलेला पाईप फायबरला रोज थोडं थोडं भाजत राहतो. काचेचे धागे काहीशे अंश सोसतात. पण त्यांना धरून ठेवणारं साधं पॉलिस्टर रेझिन शंभर अंशांच्या आतच मऊ पडू लागतं, आणि कोरडा पाईप त्याच्या कितीतरी वर तापतो. पिवळट-तपकिरी डाग दिसला तर कळतंच. रंगाखालचा डाग मात्र दिसत नाही, आणि कधी कधी डाग पडण्याआधीच थर सुटलेले असतात. ही जागा पाण्याच्या रेषेजवळ असेल तर भर समुद्रात पाणी तिथूनच आत येणार.

काच आणि रेझिन प्रकाशाला जवळपास सारखंच वाकवतात, म्हणून चांगलं फायबर उजेड आरपार सोडतं. थर सुटले की मधे हवा शिरते आणि उजेड तिथेच विखुरतो. एवढीच सगळी युक्ती.

आतली काजळी आणि रंग त्या जागेपुरता खरवडा. अंधार पडला की एकाने आतून जोरदार एलईडी टॉर्च टेकवून धरायची, दुसऱ्याने बाहेरून बघायचं. एकसारखा दुधाळ उजेड आला तर ठीक. मधेच काळसर ढग दिसला तर थर सुटल्याचा संशय धरा. आतून उजेड मारून बघितलं तर तोच भाग पांढरट दिसतो. बाहेर गडद निळा रंग असेल तर उजेड येणारच नाही, तेव्हा तो रंगही काढावा लागेल. आळस करू नका.

खडूने चौकोन आखा, फ्लॅश बंद ठेवून मोबाईलवर फोटो काढा. पुढच्या वर्षी त्याच अंतरावरून परत काढा. ढग वाढला का, ते फोटोच सांगेल.

विमानातलं कार्बन फायबर काळं असतं, तिथे टॉर्च चालत नाही. त्यासाठी अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेत लेझरची पद्धत अभ्यासली गेली : लेझर पडल्यावर रेझिन स्वतः मंद चमकतं, आणि भाजलेल्या रेझिनच्या चमकेचा रंग बदलतो. आपलं काम टॉर्चवर भागतं.

ढग सापडला तर वरून पुट्टी-रंग नको. सुटलेले थर घासून पक्क्या फायबरपर्यंत जा, मग नवीन मॅट बसवा. आणि त्याआधी पाईपची पट्टी बदला, नाहीतर नवीन मॅटही भाजेल.