तुती आणि फणस

कोकणातील घरामागच्या परड्यात शिरले की माड, पोफळी, केळी आणि आंबा हे नेहमीचे सोबती भेटतात. तुती मात्र क्वचितच दृष्टीस पडते. मालवणजवळच्या आमच्या घरी विहिरीकाठी तुतीचे एक झाड आहे. फाल्गुन लागला की त्याची फळे आधी हिरवी, मग तांबडी आणि शेवटी काळीजांभळी दिसू लागतात. ती कोणी तोडली हे मुलांना विचारावे लागत नाही; त्यांची बोटे, ओठ आणि सदऱ्यांच्या बाह्याच ते सांगून टाकतात.

त्याच विहिरीच्या पलीकडे फणसाचे झाड आहे. एकदा मी मुलांना म्हणालो, "ही दोन्ही झाडे एकाच कुळातील आहेत, बरे का!" मुले हसू लागली. कोठे बोटाच्या पेराएवढी तुती आणि कोठे दोघांनी मिळून उचलावा असा फणस! झाडाला लागणाऱ्या फळांत फणसाएवढे मोठे फळ दुसरे नाही. 15-20 किलोंच्या फणसाचे आपल्याकडे कोणाला नवल वाटत नाही.

मी तुतीचे एक पान खुडले. देठातून पांढरा चीक आला. फणसाच्या पानाचीही तीच गत. वड, पिंपळ आणि उंबर यांनाही असाच चीक असतो, आणि तेही याच कुळातले. पण चीक तर रुईलाही येतो. तेवढ्यावरून नाते ठरत नाही. खरा पुरावा फळात आहे.

मुलांनो, कोवळी तुती हातात घेऊन नीट पाहा. ते एका फुलाचे फळ नव्हे. दाटीवाटीने बसलेल्या अनेक चिमुकल्या फुलांचा तो घोस आहे, आणि त्यातील एकेक दाणा एकेका फुलापासून झालेला आहे. आता फणसाची कुयरी पाहा. तिच्या अंगावरचा प्रत्येक काटा म्हणजे एका फुलाचे टोक होय. ज्या फुलात बी धरते, त्याचा गरा होतो आणि त्या बीला आपण आठळी म्हणतो. ज्यांत बी धरत नाही, ती फुले गऱ्यांभोवतीचे चिवट तंतू होऊन राहतात. तुतीचा रसाळ दाणा काय किंवा फणसाचा गोड गरा काय, दोन्ही फुलाभोवतीच्या आवरणाचीच फुगलेली रूपे आहेत. हे ऐकल्यावर मुलांचे हसू मावळले आणि जो तो कुयरीवरचे काटे मोजू लागला. अर्थात ते मोजणे कोणालाच पुरे करता आले नाही.

कूळ एक असले तरी दोघांची एक रीत मात्र निराळी. तुतीची फांदी तोडून ओल्या मातीत खोचली की तिला मुळे फुटतात, आणि होणारे झाड हुबेहूब आईसारखे असते. फणस बहुधा आठळीपासून वाढवतात. ती आठळीही ताजीच पेरावी लागते. वाळली की उगवत नाही.

या फरकाची किंमत आमच्या घराने मोजली आहे. मी सातवीत होतो, तेव्हा आमच्या परड्यात एक जुना कापा फणस होता. त्याचे गरे करकरीत, मधुर आणि पिवळेधमक. घराचे दार करण्यासाठी वडिलांनी तो तोडायचे ठरवले. आजी दोन दिवस कोणाशी बोलली नाही. शेवटी वडिलांनी तिच्यासाठी त्याच झाडाची एक आठळी विहिरीपलीकडे पेरली. आजीने तिला रोज पाणी घातले. आठव्या वर्षी पहिला फणस पिकला. आजीने विळीला तेल लावले, फणस चिरला, आणि ती थबकली. गरे मऊ, बुळबुळीत होते. झाड रसाळ निघाले होते. आठळीतून उगवलेले झाड मूळ झाडासारखेच निघेल असा भरवसा नसतो, हे तेव्हा आमच्यापैकी कोणालाही ठाऊक नव्हते. जुने झाड उभे असतानाच त्याची काडी घेऊन कलम बांधले असते, तर तो कापा टिकला असता.

रसाळ गऱ्यांची फणसपोळी उत्तम होते, आणि आजी पुढे दरसाल ती करी. ते दार अजून आहे. तेव्हा हळदीसारखे पिवळे असलेले त्याचे लाकूड आता गडद तपकिरी झाले आहे.