पुरासाठी ठेवलेली बोट आणि सुरू न होणारे इंजिन

बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगररांगांत उगम पावणारी मांजरा नदी लातूर व बीदर जिल्ह्यांतून तेलंगणात जाते आणि तेथून उत्तरेकडे वळून देगलूर व बिलोली तालुक्यांच्या सीमेवरून वाहत कंदकुर्तीजवळ गोदावरीस मिळते. १९२३ ते १९३१ या काळात बांधलेले निजामसागर धरण याच नदीवर, बिलोलीच्या वरच्या अंगास आहे. त्यामुळे बिलोलीच्या नदीकाठी ऊन पडले असतानाही वरून सोडलेल्या पाण्याने नदी दुथडी भरू शकते. गोदावरीलाही त्याच वेळी पूर असेल तर ते पाणी लवकर ओसरत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये जवळच्या मुखेड तालुक्यात लेंडी धरणाच्या परिसरातील गावांत रात्रीतून पाणी शिरले, तेव्हा अनेक कुटुंबांना बोटीतूनच बाहेर काढावे लागले.

अशा प्रसंगी बोट असणे आणि बोट चालणे या दोन भिन्न गोष्टी ठरतात. बोटीच्या मागील फळीवर बसविण्याचे इंजिन, म्हणजेच आउटबोर्ड मोटर, वर्षातील दहा महिने गोदामात उभे असते. पूर आला की ते बाहेर काढले जाते, चार माणसे आळीपाळीने दोरी ओढून थकतात आणि 'इंजिन बिघडले' असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात इंजिन क्वचितच बिघडलेले असते. बहुतेक वेळा दोष इंधनाचा असतो, आणि तो मे महिन्यातच उघड झाला असता.

इंजिनास सुरू होण्यासाठी तीन गोष्टी लागतात : योग्य इंधन, योग्य वेळी ठिणगी आणि दट्ट्याचा पुरेसा दाब. तपासही याच क्रमाने करावा. तत्पूर्वी काही साध्या बाबी पाहून घ्याव्यात, कारण निम्मा त्रास तेथेच संपतो. चालकाच्या मनगटास बांधावयाच्या सुरक्षा-दोरीची चिमटी जागेवर नसेल तर ठिणगी पडतच नाही. गिअर न्यूट्रलमध्ये असावा. टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू उघडलेला असावा. तो बंद राहिल्यास इंजिन सुरू होऊनही काही मिनिटांत बंद पडते आणि दोष भलत्याच भागावर जातो. नळीतील रबरी फुगा, त्यावरील बाण इंजिनाकडे ठेवून, टणक होईपर्यंत दाबावा. फुगा टणक होतच नसेल तर नळीस चीर आहे, जोड सैल आहे किंवा फुग्यातील झडप निकामी आहे. फुगा चपटाच राहत असेल तर टाकीकडील मार्ग बंद आहे असे समजावे.

पेट्रोलाचा प्रश्न अलीकडे अधिक बिकट झाला आहे. २०२५ पासून देशातील बहुतेक पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. अर्धी भरलेली टाकी पावसाळी हवेत महिनोन्महिने राहिली की पाणी आणि इथेनॉल यांचा थर तळाशी साचतो, आणि टाकीतील नळी नेमकी तळाचेच शोषते. टू-स्ट्रोक इंजिनात तर धोका दुहेरी आहे : मिसळलेले वंगण तेल वरच्या पेट्रोलात राहते, तळाच्या थरात नाही. थोडे इंधन काचेच्या बाटलीत घेऊन स्थिर ठेवल्यास दोन थर डोळ्यांनी दिसतात. जुन्या पेट्रोलास वार्निशासारखा उग्र वास येतो. दोन-तीन महिन्यांपेक्षा जुने पेट्रोल काढून टाकून ताजे भरावे. त्यात आणखी ताजे मिसळून काम भागत नाही. पेट्रोल आटून कार्ब्युरेटरमध्ये उरलेला चिकट थर सूक्ष्म जेट बुजवतो. कार्ब्युरेटर उघडून जेट साफ करणे हे कुशल मेकॅनिकचे काम आहे, पण मोटारसायकल दुरुस्त करणारा तालुक्याच्या गावातील कारागीर ते सहज करू शकतो.

इंधन ताजे असूनही इंजिन दाद देत नसेल तर स्पार्क प्लग काढून पाहावा. हा तपास सोपा असून निर्णायक आहे. प्लग कोरडा असेल तर इंधन पोहोचत नाही. ओला असेल तर इंधन पोहोचते, परंतु ठिणगी नाही, किंवा चोक ओढून वारंवार प्रयत्न केल्याने पेट्रोल जास्त झाले आहे. जास्त झाले असल्यास चोक बंद करून काही मिनिटे थांबावे, प्लग पुसून बसवावा व थ्रॉटल उघडा ठेवून दोरी ओढावी. ठिणगी पाहताना सांडलेले पेट्रोल आधी पुसून घ्यावे आणि प्लगचे धातूचे अंग इंजिनास घट्ट टेकवावे. तारा मोकळ्या सोडून इंजिन फिरविल्यास इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन यंत्रणा निकामी होऊ शकते. निळसर, कडकडीत ठिणगी चांगली. पिवळट व मलूल असेल तर प्रथम नवा प्लग बसवून पाहावा.

दोरी हिसकण्याची सवयही नडते. दोरी आधी हळूच ओढावी व पकड बसल्याचे हातास जाणवल्यावरच जोर लावावा.

मच्छीमार सहकारी संस्था किंवा ग्रामपंचायत वापरलेली बोट घेत असेल, तर तपासाचा क्रम उलटा करावा : प्रथम दाब. सर्व सिलिंडरांचा दाब मापकावर जवळपास सारखा यावा. एकात तो बराच कमी असेल तर ते इंजिन स्वस्तातही महाग पडेल. इंजिनाच्या खालच्या पेटीतील तेल दुधाळ दिसल्यास आत पाणी शिरले आहे. आणखी एक खबरदारी म्हणजे इंजिनास हात लावून पाहणे. ग्राहक येण्यापूर्वीच ते गरम करून ठेवलेले असेल तर पूर्ण थंड होईपर्यंत थांबावे. गरम इंजिन पटकन सुरू होते. पुराच्या रात्री ते थंडच असणार.

चाचणी कोरड्या जमिनीवर घेऊ नये. थंड पाणी खेचणाऱ्या पंपातील रबरी पाती कोरडी फिरली तर अल्पावधीत जळतात. पंखा काढून इंजिनाचा खालचा भाग पाण्याने भरलेल्या मोठ्या पिंपात बुडवावा व बाजूच्या छिद्रातून पाण्याची धार बाहेर पडते की नाही हे पाहावे. पुराच्या गढूळ पाण्यातून परतल्यावर याच रीतीने स्वच्छ पाण्यात इंजिन चालवून घ्यावे. गोदामात ठेवण्यापूर्वी इंधनाची नळी काढून कार्ब्युरेटरमधील पेट्रोल संपेपर्यंत ते चालू ठेवावे.

टू-स्ट्रोक इंजिनासाठी तेल मिसळलेले पेट्रोल गरजेपुरतेच तयार करावे. पन्नासास एक प्रमाण सांगितले असेल तेथे एक लिटरास वीस मिलिलिटर तेल लागते. तेल न मिसळलेले शिल्लक पेट्रोल हंगाम संपताच कार्यालयाच्या पेट्रोलवर चालणाऱ्या वाहनात वापरून टाकता येते. मिसळलेले मात्र फोर-स्ट्रोक मोटारसायकलीत चालत नाही, आणि नेमके तेच कॅनमध्ये पुढील जूनपर्यंत पडून राहते.