काटा वर चढतच नाही!

प्रश्न : माझी पेट्रोल गाडी १० वर्षं जुनी आहे. पुणे-सातारा हायवेवर तापमानाचा काटा खालीच राहतो. खंबाटकी घाट चढताना जरा हलतो. अ‍ॅव्हरेजही घटलंय. गाडी गरमच होत नाही, तर काळजी कशाला?

उत्तर : काळजी करायला हवी. इंजिनला साधारण ९० अंश सेल्सिअस मानवतं. ते थंड राहिलं की गाडीचा कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडत राहतो, ऑइलमधला ओलावाही उडत नाही. तुमची लक्षणं उघडाच अडकलेल्या थर्मोस्टॅटची (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेची) वाटतात.

सकाळी थंड इंजिन सुरू करा आणि पंखा-पट्ट्यापासून हात लांब ठेवून रेडिएटरचा वरचा रबरी पाइप चाचपा. बराच वेळ गार राहून तो एकदम तापला, तर थर्मोस्टॅट बहुधा ठीक. मग तापमानाचा सेन्सर तपासा. पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला, तर थर्मोस्टॅट बदला. (काही गाड्यांत तो खालच्या पाइपच्या बाजूला असतो, तिथे ही खूण फसवते.)

‘आपल्या हवेत काय गरज?’ म्हणून काही मेकॅनिक थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. गाडी जुन्या बाजारातली असेल, तर तो जागेवर आहे ना, हे आधी बघून घ्या.