खजुरीचे खोड हलवा : नैराश्य आणि छोटी कृती



घरातील एखादी व्यक्ती अनेक आठवडे उदास राहते. अन्नावरची वासना उडते, झोप बिघडते, फजरला जाग येऊनही अंथरुणातून उठवत नाही. मग घरचे म्हणतात, "ईमान कमजोर झाले आहे, नैराश्य हे तर पाप आहे." या एका वाक्याने आजाऱ्यावर अपराधाचेही ओझे पडते आणि तो बोलणेच बंद करतो. म्हणून प्रथम हा शब्दच तपासून घेऊ.

मराठीत 'नैराश्य' हा शब्द दोन अर्थांनी येतो. अल्लाहच्या कृपेविषयी आशा सोडणे हा एक अर्थ, आणि त्याला इस्लामने सक्त मनाई केली आहे. दुसरा अर्थ डॉक्टर ज्याला डिप्रेशन म्हणतात त्या आजाराचा. सूरह यूसुफ पाहा. हजरत याकूब (अलै.) यांचे डोळे पुत्रवियोगाच्या दुःखाने पांढरे पडले (आयत ८४). तेच आपल्या मुलांना सांगतात की जा, यूसुफचा शोध घ्या आणि अल्लाहच्या कृपेविषयी निराश होऊ नका (आयत ८७). दुःखाने दृष्टी गेली, ईमान गेले नाही. दहाव्या शतकातील विद्वान अबू जैद अल-बलखी यांनीही कारण ठाऊक असलेले दुःख आणि कारण न सापडणारे दुःख यांत भेद केला आणि दुसऱ्याचे मूळ शरीरात असल्याचे मानून त्यावर शारीरिक उपचार सुचवला.

आता सूरह मरयम, आयत २३ ते २६. प्रसूतीच्या वेदनेत, एकाकी अवस्थेत, हजरत मरयम (अलै.) यांच्या मुखातून आपण यापूर्वीच मेलो असतो तर बरे, असे उद्गार निघतात. त्या उद्गारांबद्दल त्यांना दोष दिला जात नाही. दुःख करू नकोस, खाली झरा आहे, खजुरीचे खोड हलव, ताजी फळे पडतील, खा, पी आणि डोळे निववून घे, असे त्यांना सांगितले जाते. विचार करा, प्रसूतिवेदनेतील स्त्रीच्या हाताने खजुरीचे खोड कितीसे हलणार? फळे अल्लाहने दिली. पण हात लावण्याची कृती मात्र त्यांच्याकडूनच करवून घेतली.

आजचे उपचारशास्त्रही या दिशेने जाते. गोव्यातील 'संगाथ' संस्थेने तेथील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या सुमारे ५०० रुग्णांचा अभ्यास केला. प्रशिक्षण दिलेल्या सामान्य समुपदेशकांनी अर्ध्या रुग्णांना सहा ते आठ भेटींत रोजच्या छोट्या कृतींकडे परत आणले. तीन महिन्यांनी या गटातील ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते, तर केवळ नेहमीचा उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. यामागचे कारण सोपे आहे. उदास माणूस कामे व माणसे टाळतो, त्यामुळे आनंदाचे प्रसंग घटतात आणि उदासी वाढते. मन लागेल तेव्हा करीन, असे म्हटल्यास मन लागत नाही. आधी थोडे केले की मन मागाहून येते.

माधवनगरच्या यंत्रमाग कामगाराला हे समजावून सांगावे लागणार नाही. धागा तुटला की तो सबंध कापडाची चिंता करीत बसत नाही, तेवढा धागा जोडतो आणि माग सुरू करतो.

तर काय करावे?

१. एकच कृती निवडा व तिची वेळ ठरवा. फजरनंतर एका कुंडीला पाणी घालणे, असरला मशिदीपर्यंत चालत जाणे, शेजाऱ्याला सलाम करणे. अल्लाहला प्रिय कर्म ते, जे थोडे असले तरी नित्य असते, हा हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितलेल्या हदीसचा आशय आहे.

२. नमाज जड वाटत असेल तर आधी केवळ वुजू करा. मग फर्ज तेवढी अदा करा. उभे राहणे शक्य नसेल त्याला बसून आणि तेही शक्य नसेल तर कुशीवर पडून नमाजची मुभा प्रेषितांनी (स.) दिली आहे.

३. घरच्यांनी उपदेश कमी करावा, सोबत अधिक द्यावी. "उठ, चालायला जा" असे सांगण्यापेक्षा "चल, मी येतो" म्हणावे. शोकाकुल घरात हजरत आयशा (रजि.) तल्बीना, म्हणजे जवाच्या पिठाची पातळ पेज, करवून घेत, कारण तिने दुःखी मनाला आराम मिळतो असे त्यांनी प्रेषितांकडून (स.) ऐकले होते. वाटीभर पेज घेऊन शेजारी बसणे ही सुन्नतच्या जवळची सेवा आहे.

४. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी तेथूनच सुरू करा. चुकलेल्याचा हिशेब मांडू नका.

मात्र छोटी कृती औषधाची जागा घेत नाही. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, चालू औषध मनाने बंद करू नका. मरणाचे विचार बोलून दाखवणाऱ्याला एकटे सोडू नका, रागावू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. शासनाची 'टेलिमानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य उपलब्ध आहे. उपचार घेण्याची आज्ञा प्रेषितांनीच (स.) दिली आहे, त्यात तवक्कुलला बाध येत नाही.

प्रेषित (स.) चिंता व दुःखापासून, तसेच असमर्थता व आळसापासून अल्लाहचा आश्रय मागत. आपणही तो मागू या आणि आज खोडाला एकदा हात लावू या. अल्लाह प्रत्येक दुःखी मनाला शिफा देवो. आमीन.