‘ग्राफ’ आणि ‘ग्रॅम’ : एका ग्रीक धातूचा परिवार

टेलिग्राफ, फोटोग्राफ, पॅराग्राफ, प्रोग्रॅम हे शब्द आपल्या शाळांत व कार्यालयांत इतके रुळले आहेत की, ते एकाच कुळातील आहेत याकडे सहसा लक्ष जात नाही. विद्यार्थी प्रत्येकाचे स्पेलिंग स्वतंत्रपणे पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. कुळाचा मूळपुरुष ओळखीचा झाला, तर हे श्रम पुष्कळसे वाचतील.

‘ग्राफेइन’ या ग्रीक क्रियापदाचा जुना अर्थ ओरखडणे, कोरणे असा होता. ‘लिहिणे’ आणि ‘रेखाटणे’ हे अर्थ पुढचे. संस्कृतातील ‘लिख्’ धातूही ओरखडण्यापासूनच लिहिण्यापर्यंत आला आणि इंग्रजीतील ‘राइट’ची कथा हीच आहे. शाईच्या आधी टोकदार हत्यार होते, ही आठवण तिन्ही भाषांनी जपली. पॅराग्राफ म्हणजे मुळात मजकुराच्या कडेला ओढलेली आडवी रेघ. विषय किंवा बोलणारा बदलला, एवढेच ती सांगे. प्रोग्रॅम म्हणजे सर्वांना दिसेल अशी लावलेली लेखी सूचना. पंचायतीचा सूचनाफलक या अर्थाच्या किती जवळ आहे, हे वेगळे सांगावयास नको. ‘स्टेनोस’ म्हणजे अरुंद. म्हणून स्टेनोग्राफी हे अरुंद, आटोपशीर लेखन. मराठीने त्याला ‘लघुलेखन’ हे नेमके नाव दिले.

‘ग्राफ’ व ‘ग्रॅम’ यांतील भेद मात्र शिक्षकांनी आवर्जून समजावून द्यावा. साधारणतः ‘ग्राफ’ हे नोंद करणारे साधन आणि ‘ग्रॅम’ ही झालेली नोंद. कोयना परिसरात ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपापूर्वीच जी नोंदयंत्रे बसविली होती, ते सिस्मोग्राफ. त्यांनी कागदावर उमटविलेली रेघ म्हणजे सिस्मोग्रॅम. कार्डिओग्राफ व कार्डिओग्रॅम यांचेही तसेच. फोटोग्राफ हा ठळक अपवाद. तेथे साधनाला कॅमेरा म्हणतात आणि चित्रालाच ‘ग्राफ’. सर जॉन हर्शेल यांनी १८३९ मध्ये ‘फोटोग्राफी’ हा शब्द पुढे आणला, तेव्हा त्यांच्या मनात ‘प्रकाशाने केलेले लेखन’ हा अर्थ होता. मराठीने ‘छायाचित्र’ म्हटले. जेथे ग्रीक शब्द प्रकाशाकडे पाहतो, तेथे आपण सावलीकडे पाहिले! तरीही शब्द टिकला, कारण तो बोलण्यास सुलभ आहे.

प्रतिशब्द घडविणाऱ्या अधिकाऱ्यांनी याचा विचार करावा. घटकांचे भाषांतर जोडून ‘टेलिग्राफ’चा ‘दूरलेख’ करता येतो. परंतु लोकांनी ‘तार’ हा शब्द पत्करला. गंमत अशी की, १७९० च्या दशकात फ्रान्समध्ये क्लोद शाप यांच्या यंत्रणेला टेलिग्राफ हे नाव पडले, तेव्हा त्यात तार नव्हतीच. मनोऱ्यांवरील हलत्या दांड्यांच्या खुणांनी संदेश जात असे. टेलिग्रॅम हा शब्द १८५२ मध्ये अमेरिकेत सुचविला गेला. तो ग्रीक व्याकरणात बसत नाही, असा आक्षेप इंग्लंडमधील पंडितांनी घेतला आणि ‘टेलिग्राफीम’ हे शुद्ध रूप सुचविले. लोकांनी ते मनावर घेतले नाही. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. ‘तार आली’ म्हणताच घरात पसरणारी धास्ती मात्र जुन्या पिढीला अजून आठवते.

एक सावधगिरी. किलोग्रॅममधील ‘ग्रॅम’ याच कुळातील आहे. ‘ग्राम्मा’ म्हणजे अक्षर, आणि उत्तरकाळात एक लहानसे वजन. ग्रामपंचायतीतील ‘ग्राम’ शुद्ध संस्कृत आहे आणि त्याचा या परिवाराशी काडीचाही संबंध नाही.